भुईमुगाचा गर्भ मातीत कसा रुजतो?

बंगळुरूतील बसवनगुडीत कार्तिकातील शेवटच्या सोमवारी नंदीच्या देवळापाशी ‘कडलेकाई परिषे’ ही भुईमुगाची जत्रा भरते. तेथे विकली जाणारी प्रत्येक शेंग एका विलक्षण गर्भधारणेचे फळ असते.

गाईचे गर्भाशय प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे गर्भाच्या रोपणासाठी सज्ज होते. भुईमुगाचा गर्भ मात्र मातीत रुजतो. फुलाचे फलन जमिनीच्या वर होते. काही पेशीविभाजनांनंतर गर्भाची वाढ थांबते. मग अंडाशयामागील भाग ऑक्झिन व जिबरेलिन या संप्रेरकांच्या प्रभावाने लांबतो आणि ही आरी गर्भाला जमिनीत नेते. तेथील अंधार व मातीचा स्पर्श लाभल्यावरच गर्भ पुन्हा वाढू लागतो.

वाढत्या शेंगेला मुळांकडून पुरेसे कॅल्शियम मिळत नाही. ते तिला सभोवतालच्या मातीतूनच शोषावे लागते. ते कमी पडल्यास शेंगा पोचट राहतात. म्हणून आऱ्या सुटताना हेक्टरी २०० किलो जिप्सम झाडालगत मिसळून मातीची भर द्यावी. त्यानंतर आंतरमशागत टाळावी. तुटलेल्या आरीला शेंग धरत नाही.