ट्विकनम

ट्विकनम : लंडन महानगराचे थेम्स नदीकाठचे एक संपन्न उपनगर. ते चेरिंग क्रॉसच्या नैर्ऋत्येस सु. १६ किमी. वर, नदीच्या डाव्या तीरावर वसले असून पूर्वी मिडलसेक्स परगण्यात मोडत असे. १९६५ पासून त्याचा समावेश ‘रिचमंड अपॉन थेम्स’ या प्रशासकीय विभागात होतो. नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेला लंडनचा हा एकमेव विभाग होय. ट्विकनमचा उल्लेख इ. स. ७०४ च्या एका सनदेत आढळतो. सर्वांना खुला असलेला विस्तीर्ण नदीकाठ हे या उपनगराचे मुख्य वैशिष्ट्य. मात्र तो आपोआप खुला राहिलेला नाही.

समुद्राच्या भरती-ओहोटीचा परिणाम ट्विकनमच्या वरच्या अंगास असलेल्या टेडिंग्टनच्या बंधाऱ्यापर्यंत जाणवतो. १८३१ मध्ये जुना लंडन पूल पाडला गेला. त्याच्या अरुंद कमानींमुळे अडून राहणारे पाणी त्यानंतर वेगाने ओसरू लागले आणि ओहोटीच्या वेळी येथे चिखलातून वाहणारा एक प्रवाह तेवढा उरे. रहिवाशांच्या दीर्घकालीन तक्रारींनंतर १८९४ मध्ये खालच्या अंगास रिचमंड येथे उचलता येणाऱ्या दारांचा बंधारा बांधण्यात आला. त्यामुळे पाण्याची पातळी अर्ध्या भरतीच्या खाली उतरत नाही. शरद ऋतूत दुरुस्तीसाठी काही आठवडे ही दारे उचलून ठेवतात. त्या काळात ओहोटीला नदीचे पात्र उघडे पडते आणि चित्रात शोभावी अशी ही नदी मुळात कशी आहे, ते दिसते. उलट अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी काठावरच्या रस्त्यावर चढते. नवखे लोक तेथे मोटारी उभ्या करून जातात व परतल्यावर त्या पाण्यात पाहतात.

अठराव्या शतकात राजदरबारापासून व शहरापासून सोयीस्कर अंतरावर असलेल्या या काठावर धनिकांची व लेखकांची निवासस्थाने उभी राहिली. कवी अलेक्झांडर पोप १७१९ मध्ये येथे राहावयास आला. तो कॅथलिक असल्याने तत्कालीन निर्बंधांनुसार त्याला लंडनच्या दहा मैलांच्या आत राहता येत नव्हते. घर नदीकाठी व बाग रस्त्यापलीकडे असल्यामुळे त्याने रस्त्याखालून भुयारी वाट काढली आणि तिला शंखशिंपले व खनिजे जडवून गुहेचे रूप दिले. पोपच्या मृत्यूनंतर (१७४४) घर पाहण्यास येणाऱ्यांची रीघ लागली. १८०७ मध्ये ते विकत घेणाऱ्या लेडी हाऊ यांना या पाहुण्यांचा इतका उपद्रव वाटला, की त्यांनी ते घर पाडूनच टाकले. त्याबद्दल त्यांना ‘गॉथांची राणी’ असे उपहासाने म्हटले जाई. गुहा मात्र आजही एका शाळेच्या आवारात टिकून आहे. हॉरिस वॉलपोलने १७४७ पासून जवळच ‘स्ट्रॉबेरी हिल’ हे गॉथिक शैलीचे घर सजविले. चित्रकार टर्नरने १८१३ मध्ये स्वतःच्या आराखड्यानुसार येथे एक लहानसे घर बांधले. ते २०१७ पासून पाहण्यास खुले आहे.

१८४८ मध्ये लोहमार्ग आल्यावर परिस्थिती पालटली. रोज लंडनला जाऊन-येऊन नोकरी करणे शक्य झाले आणि फळबागांच्या व भाजीमळ्यांच्या जागी विटांच्या घरांच्या ओळी उभ्या राहू लागल्या. विसाव्या शतकाच्या प्रारंभी हे लोण थेट काठापर्यंत पोहोचले. राजा दुसरा जॉर्ज याची प्रेयसी हेन्रिएटा हॉवर्ड हिच्यासाठी बांधलेल्या ‘मार्बल हिल’ (१७२४–२९) या प्रासादाच्या उद्यानात घरबांधणीची तयारी सुरू झाली. तेव्हा लंडन काउंटी कौन्सिल, आसपासच्या स्थानिक संस्था व खाजगी देणगीदार यांनी १९०२ मध्ये ते विकत घेतले व पुढील वर्षी लोकांना खुले केले. समोरच्या तीरावरील रिचमंड टेकडीवरून दिसणाऱ्या नदीच्या देखाव्याला संसदेने १९०२ मध्येच कायद्याने संरक्षण दिले. किंबहुना टेकडीवरून दिसणारे दृश्य जपणे हाच या चळवळीचा मूळ हेतू होता. ट्विकनमच्या सामान्य रहिवाशांना उद्यान लाभले ते त्या ओघात.

प्रत्येक वास्तूच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. पुढे फ्रान्सचा राजा झालेला लुई फिलिप १८१५ ते १८१७ या काळात ज्या घरात राहिला, ते ‘ऑर्लीन्स हाऊस’ १९२६ मध्ये जमिनीतील वाळू-रेतीसाठी पाडण्यात आले. वास्तुकार जेम्स गिब्झ याने रचलेला त्याचा अष्टकोनी कक्ष तेवढा नेली आयोनिडीस या शेजारच्या धनिक बाईंनी वाचविला. १९६२ मध्ये त्यांच्या मृत्युपत्रान्वये तो नगरपालिकेला मिळाला आणि १९७२ पासून तेथे कलादालन आहे.

‘यॉर्क हाऊस’ या सतराव्या शतकातील वास्तूचा संबंध मुंबईशी येतो. जमशेटजी टाटा यांचे धाकटे पुत्र सर रतन टाटा (१८७१–१९१८) यांनी ती १९०६ मध्ये ऑर्लेआँच्या ड्यूककडून विकत घेतली. बागेत त्यांनी बसविलेला संगमरवरी जलदेवतांचा शिल्पसमूह मूळचा एका दिवाळखोर वित्तव्यावसायिकाच्या प्रासादासाठी आणलेला होता. सर रतन यांच्या मृत्यूनंतर लेडी नवाजबाई भारतात परतल्या आणि वास्तू स्थानिक नगरपालिकेने घेतली. १९२६ पासून तेथे पालिकेची कार्यालये असून बाग सर्वांना खुली आहे. सर रतन यांचा कलासंग्रह मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयास (सध्याचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) मिळाला.

नदी ओलांडण्याच्या हक्कावरूनही येथे झगडा झाला. परंपरागत तरीचा हक्क पलीकडील ‘हॅम हाऊस’च्या डायसार्ट अर्लकडे होता. १९०९ च्या सुमारास वॉल्टर हॅमरटन या नावाड्याने थोड्या अंतरावर, मार्बल हिलजवळ, एक पेनी घेऊन दुसरी तर सुरू केली. अर्लने दावा लावला, तेव्हा हॅमरटनसाठी लोकांनी वर्गणी जमविली व १९१५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌झने त्याच्या बाजूने निर्णय दिला. जुनी तर पुढे बंद पडली. हॅमरटनच्या नावाची तर टिकून राहिली.

नदीपात्रातील ‘ईल पाय’ बेटावर मोटार जात नाही. १९५७ मध्ये बांधलेला पादचारी पूल हीच तेथील वाट. बेटावर घरे, नावा दुरुस्त करण्याचे कारखाने, कलावंतांच्या कार्यशाळा व १८६० मध्ये स्थापन झालेला नौकानयन संघ आहे. बेटावरील जुन्या हॉटेलात १९५६ पासून जॅझचे व पुढे रॉकचे कार्यक्रम होत. १९६३ मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’ हा वाद्यवृंदही तेथे नियमित वाजवीत असे. दुरुस्तीचा खर्च न पेलल्याने १९६७ मध्ये हॉटेल बंद पडले, १९७१ मध्ये जळाले आणि त्या जागी निवासी घरे झाली.

काठाची निगा मात्र सर्वत्र सारखी नाही. १९३५ मध्ये उघडलेला नदीकाठचा सार्वजनिक पोहण्याचा तलाव १९८० च्या सुमारास बंद झाला आणि गावाच्या ऐन मध्यभागी ती जागा दशकानुदशके पडीक राहिली. तिच्या काही भागावर २०१२ मध्ये उद्यान करण्यात आले. उद्यानांच्या सान्निध्यामुळे घरांच्या किंमती चढ्या राहतात. ज्या काठासाठी सार्वजनिक पैसा खर्च झाला, त्याच्या शेजारी घर घेणे सामान्य पगारदारास अवघड झाले आहे. हीथ्रोच्या विमानांच्या आवाजातून मात्र श्रीमंतांचीही सुटका नाही.

जगभर ट्विकनमचे नाव झाले ते रग्बीमुळे. १९०७ मध्ये येथे खरेदी केलेल्या भाजीमळ्याच्या जमिनीवर क्रीडांगण तयार झाले व १९०९ मध्ये पहिला सामना झाला. कोबीच्या मळ्यावरून त्यास ‘कॅबेज पॅच’ हे टोपणनाव पडले. त्याची क्षमता सु. ८२,००० प्रेक्षकांची आहे. सामन्याच्या दिवशी रस्ते बंद केले जातात आणि आगगाड्या भरून वाहतात. त्या दिवशी जुने रहिवासी बहुधा नदीकडे वळतात.