नित्याचा वाटसरू

जालन्याहून भोकरदनकडे जाताना सुमारे पंचवीस किलोमीटरवर राजूर लागते. गणपतीच्या साडेतीन पीठांत या गावाची गणना होते. अंगारकी चतुर्थीला जालना ते राजूर हा रस्ता पायी चालणाऱ्या भाविकांमुळे रात्रभर जागा असतो. कोणी त्यांना चहा देतो, कोणी फराळ, कोणी पाणी. चालणारा त्या दिवशी साऱ्या रस्त्याचा पाहुणा असतो. पण एरवी वैशाखातल्या दुपारी दळणाचा डबा डोक्यावर घेऊन गिरणीकडे निघालेल्या बाईला पाणी कोण विचारतो? देवाकडे जाणाऱ्या पावलांचा आपण मान राखतो. दळण, औषध, रॉकेल-साखर वा टपाल यांसाठी झिजणाऱ्या पावलांची मात्र दखलही घेत नाही.

ही कामे क्षुल्लक दिसतात, पण ती उद्यावर ढकलता येत नाहीत. ज्याच्या दारी वाहन आहे त्याला ऊन थोडेच लागते. ते लागते म्हाताऱ्या निवृत्तिवेतनधारकाला, पोर कडेवर घेऊन दवाखान्यात निघालेल्या आईला आणि सकाळची शाळा सुटल्यावर घरी परतणाऱ्या मुलांना.

या संदर्भात थंड देशांतील व्यवस्था पाहण्याजोगी आहे. शिकागोत मराठी कुटुंबे कित्येक दशकांपासून नांदत आहेत. तेथील हिवाळ्यात दुधाची बाटली आणायला कोपऱ्यापर्यंत जाणे हेही संकटच. पाय घसरला की हाड मोडले. म्हणून आपल्या मिळकतीलगतच्या पदपथावरील बर्फ हटवून चालण्यापुरती वाट मोकळी ठेवणे हे त्या शहराच्या नियमाने मालकाचे कर्तव्य ठरविले आहे. जर्मनीतील अनेक गावांतही असेच नियम आहेत. बर्फ आकाशातून पडतो, परंतु वाट मोकळी करणे हे माणसाचे काम आहे, असे त्या समाजांनी मानले. आपल्याकडचे ऊनही आकाशातूनच येते. त्याला मात्र आपण नशीब म्हणतो.

‘मराठवाड्याला ऊन का नवे आहे?’ असा आक्षेप कोणी घेईल. ऊन जुनेच आहे, पण सवयीने उष्माघात टळत नाही. २०१० च्या मे महिन्यातील भीषण उष्णतेनंतर अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्णतेविरुद्ध कृती आराखडा आखला. आधी इशारा देणे, पाण्याची सोय करणे, दवाखाने सज्ज ठेवणे अशी त्याची साधी कलमे होती. म्हणजे उन्हाशीही योजनापूर्वक झुंजता येते, हे आपल्याच देशात दिसून आले आहे.

कायद्यालाही सावलीचे महत्त्व ठाऊक नाही असे नाही. १९७२ च्या दुष्काळात याच भागातील माणसांनी उन्हात खडी फोडून रस्ते बांधले. त्या अनुभवातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने कामाच्या जागी पिण्याचे पाणी आणि विश्रांतीसाठी सावली यांची तरतूद केली. रस्ता बांधणाऱ्याला सावली मिळावी हे मान्य झाले. तो बांधून झाल्यावर त्यावरून चालणाऱ्याला ती का नसावी?

वस्तुतः याही बाबतीत तरतूद आहे. रस्त्यांच्या कडेला, बाजारात आणि सार्वजनिक जागी झाडे लावणे व ती जतन करणे ही कामे १९५८ च्या अधिनियमाने ग्रामपंचायतींच्या यादीत घातली आहेत. परंतु रस्ता रुंद होताना जुना वड पहिल्या दिवशी पडतो, आणि त्याच्या बदल्यात लावलेले रोप दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत तगले की नाही, हे कोणी पाहत नाही. वृक्षारोपणाचे छायाचित्र निघते. पाणी घालणाऱ्याचे निघत नाही.

तेव्हा मागणी मोठी नाही. गिरणी, दवाखाना, शाळा, बँक आणि बसथांबा यांना जोडणारी प्रत्येक गावातील वाट आधी निश्चित करावी. तिच्यावर कडुनिंब, वड, पिंपळ लावावेत आणि पहिली तीन वर्षे त्यांना पाणी घालण्याची जबाबदारी नावानिशी सोपवावी. झाड वाढेपर्यंत छप्पर आणि रांजण यांवर भागेल. अंगारकीला पाणपोई घालणारे हात राजूरला कमी नाहीत. त्यांतील काही हात चैत्र-वैशाखात रोज लागले, तर दळण घेऊन निघालेल्या बाईलाही वाटेत क्षणभर थांबता येईल.