फझी : एक लवदार शब्द

धुण्याच्या यंत्रावर ‘फझी लॉजिक’ ही अक्षरे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. “अगदी आधुनिक आहे, वहिनी!” एवढाच त्याचा अर्थ दुकानदाराने सांगितला आणि यंत्र घरी आले. शब्दाची विचारपूस राहूनच गेली.

हा इंग्रजी शब्द मुळात हाताचा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस भूछत्राच्या एका जातीला इंग्रज लोक ‘फझबॉल’ म्हणत. दाबला की भुस्सकन भुकटी उडवणारा मऊ गोळा. पुढे ‘फझी’ म्हणजे स्पंजासारखे भुसभुशीत. पीचवरची लव ती फझ; रुई काढून घेतल्यावर सरकीला चिकटून राहते तीही फझ. लव आली की वस्तूची कड हरवते; म्हणून हाताचा शब्द डोळ्यांकडे गेला आणि हललेले छायाचित्र फझी झाले. तिथून डोक्यात शिरायला कितीसा उशीर! ज्याच्या बोलण्याचा थांग लागत नाही, त्याचे विचार फझी.

मराठीने अशी काटकसर केली नाही. आपले फळ लवदार, केस पिंजारलेले, फोटो अंधुक, पुढाऱ्यांचे आश्वासन मोघम, आणि लग्नाच्या बैठकीत मुलाकडच्यांचे उत्तर गुळमुळीत!

अडते ते गणितात. १९६५ साली बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील लोत्फी झादे यांनी ‘फझी सेट्स’ हा निबंध प्रसिद्ध केला. नेहमीच्या गणितात वस्तू एखाद्या संचात असते किंवा नसते. झादे म्हणाले, तिला शून्य ते एक यांमधली कोणतीही पायरी द्या. समजा, साडेपाच फुटी गृहस्थ ‘उंच’ माणसांत ०.४, तर सहा फुटी ०.९. अनेक शास्त्रज्ञांनी नाके मुरडली. पण १९८७ साली जपानमधल्या सेंदाईची भुयारी रेल्वे याच पद्धतीने धावू लागली, आणि उभ्या प्रवाशांना गचका न बसता अलगद थांबू लागली. कपडे ‘थोडे’ की ‘बरेच’ हे तोलून पाणी नि वेळ ठरवणारे आपले यंत्र हे तिचेच धाकटे भावंड.

या फझीला ‘संदिग्ध’ म्हणणे मला मुळीच पटत नाही. ‘संदिग्ध तर्कशास्त्र’ असे वाचणाऱ्या विद्यार्थ्याला वाटायचे, हा गोंधळलेल्या लोकांचा तर्क! संदिग्ध म्हणजे संशयात टाकणारे. कोमट पाण्यात संशय कसला? ते जितके गरम आहे, तितके नेमके आहे. ही जाण आपल्या प्रत्ययांतच आहे : काळसर, तांबूस, पिवळट, पाचेक. तेव्हा ‘तरतम-संच’ का म्हणू नये? ‘तरतमभाव’ तर आपण रोज वापरतो.

विज्ञानशाखेचे आमचे सहकारी म्हणतात, “फझीच राहू द्या, उगाच संस्कृत नको.” राहू द्या बापडे! पण वर्गात अर्थ सांगताना ‘ओलसर’पासून सुरुवात करा, दोरीवरचे कपडे काढायला गेलेल्या प्रत्येक मुलाला तो ठाऊक असतो.