मालाच्या सायकलला बॅटरी लावताना

पाव-टोस्ट, अंडी, दूध, कापड किंवा भंगार सायकलवर वाहून रोजी कमावणारे अनेक बांधव आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आहेत. जुन्याच सायकलच्या चाकात मोटर बसवून हे कष्ट कमी करता येतात. ही कल्पना नवी नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकातच सायकलरिक्षाला विजेच्या मोटरची जोड देण्याचे काम हाती घेतले होते. तेव्हा शिसे-आम्लाची जड बॅटरी वापरावी लागे. आज पर्याय वाढले आहेत, तशी फसगतही वाढली आहे. गरीब फेरीवाल्याची वर्षभराची बचत एका बॅटरीत अडकते, म्हणून हा विषय आम्ही घेतला आहे.

आधी पल्ला मोजा

दुकानदार व्होल्ट आणि अँपिअर-तास सांगतो. या दोहोंचा गुणाकार म्हणजे वॉट-तास. बॅटरीचे खरे माप तेच. ४८ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची बॅटरी ९६० वॉट-तासांची झाली. माल लादलेल्या सायकलला सपाट रस्त्यावर किलोमीटरला ढोबळमानाने २० ते २५ वॉट-तास धरावेत.

मलकापूर, नांदुरा, शेगाव हा पूर्णेच्या खोऱ्यातील सपाट भाग आहे. बुलढाणा शहर मात्र डोंगरावर आहे. सायकल, माल व माणूस मिळून दीडशे किलो वजन तीनशे मीटर उंच चढवायचे तर केवळ चढासाठी सुमारे १२० वॉट-तास लागतात, मोटरमधील नुकसान वेगळे. त्यामुळे राजूर घाटासारख्या चढाच्या वाटेवर हिशेब वाढवून धरावा आणि पायडलही मारावे, नाहीतर लहान मोटर तापून जळते.

कोणती बॅटरी?

शिसे-आम्लाची बॅटरी स्वस्त असते, पण वरील मापाची बॅटरी सुमारे २५ किलो भरते. म्हणजे तेवढा माल कमी. शिवाय ती रोज निम्म्याहून अधिक उतरवली तर लवकर निकामी होते. म्हणून ९६० पैकी ४८० वॉट-तासच आपले, म्हणजे १९ ते २४ किलोमीटर.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सुमारे १० किलोची असते. ती ८० टक्के वापरता येते, म्हणजे ३० ते ३८ किलोमीटर. चांगल्या प्रतीची असल्यास ती दोन हजार वेळा भरता येते. शिसे-आम्लाची साधारण तीनशे ते पाचशे वेळा. निकेल-कोबाल्ट प्रकारची लिथियम बॅटरी आणखी हलकी असते, पण उष्णतेला ती कमी टिकते. आपल्याकडचा मे महिना पाहता आमच्या मते फॉस्फेट प्रकारच बरा. पैसे अपुरे असतील तर व्याजाच्या हप्त्यात अडकू नये. लहान पण चांगली बॅटरी घ्यावी आणि दुपारी ती पुन्हा भरून घ्यावी.

घेताना पारख

जुन्या सेलना नवे वेष्टन लावून विकणारेही असतात. मापात कमी देणे इस्लामने निषिद्ध ठरवले आहे, आणि वीस सांगून बारा देणे हे मापातच कमी देणे होय. म्हणून दुकानातच पूर्ण उतरवून क्षमता मोजून मागावी. पक्के बिल व लेखी हमी घ्यावी. सेलचे रक्षण करणारे सर्किट, ज्याला बीएमएस म्हणतात, ते कंट्रोलरच्या कमाल प्रवाहाहून अधिक क्षमतेचे असावे. चार्जर त्याच बॅटरीसाठी बनवलेला असावा.

उन्हातून आल्याबरोबर बॅटरी चार्जिंगला लावू नये. ती सावलीत थंड होऊ द्यावी. मगरिबनंतर, घरातील माणसे जागी असताना आणि दारापासून दूर चार्ज करणे उत्तम. रात्रभर लावून झोपू नये.

मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर इतर अटी पाळल्यास दुचाकीला नोंदणी लागत नाही. तीनचाकीसाठी मात्र आधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. आणि बॅटरीवर खर्च करण्यापूर्वी ब्रेक नवे टाकावेत.

आमची सूचना एवढीच, की आठवडाभर रोज किती किलोमीटर फिरतो व किती किलो वाहतो हे वहीत लिहावे. ती वही घेऊनच दुकानात जावे. दुकानदाराच्या शब्दापेक्षा आपला हिशेब अधिक भरवशाचा ठरेल.