हा मसाला नक्की कुणाचा? ज्युनिअर प्रॉडक्ट मॅनेजर ते कंपनीचा प्रमुख



मागच्या रविवारच्या लाइव्हमध्ये अगदी शेवटी एका मुलाचा प्रश्न आला होता. वेळ संपत आली होती, म्हणून मी दोन वाक्यांत उत्तर गुंडाळलं. ते मनाला लागून राहिलंय. प्रश्न असा होता: "सर, मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजर आहे. दीड वर्ष झालं. मला स्वतःचा धंदा करायचाय. इथंच राहून वर चढू, की सोडून सुरुवात करू?"

मी म्हणालो, "सोडू नकोस, आधी शिकून घे." उत्तर चुकीचं नव्हतं, पण अर्धं होतं. काय शिकायचं ते सांगायचं राहिलं. ते आज सांगतो. तुम्ही नोकरीत नसाल, सरळ दुकान टाकायच्या तयारीत असाल, तरी वाचा. माझ्या स्वतःच्या दुकानात ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

आधी हे काम काय असतं ते बघू. कंपनीत वस्तू बनवणारे वेगळे, विकणारे वेगळे, पैशांचा हिशोब ठेवणारे वेगळे. गिऱ्हाईकाची अडचण नेमकी काय आहे, त्यातलं आधी काय करायचं आणि काय करायचंच नाही, हे ठरवून या सगळ्यांना एका दिशेनं नेणारा माणूस म्हणजे प्रॉडक्ट मॅनेजर. गंमत म्हणजे यातलं बहुतेक कुणीही त्याच्या हाताखाली नसतं. इंजिनिअरचा साहेब वेगळा, सेल्सवाल्याचा साहेब वेगळा. याला हुकूम सोडता येत नाही, पटवूनच द्यावं लागतं. पगार वाढवणाऱ्याचं सगळेच ऐकतात. काहीच हातात नसताना ज्याचं लोक ऐकतात, त्याला उद्या स्वतःच्या धंद्यात सप्लायर, बँकवाला आणि भाऊबंद सांभाळणं जड जात नाही.

शिडीच्या पायऱ्या सगळ्यांना माहीत असतात: असोसिएट, मग प्रॉडक्ट मॅनेजर, सीनिअर, ग्रुप मॅनेजर, डायरेक्टर, व्हाइस प्रेसिडेंट आणि सगळ्यात वर चीफ प्रॉडक्ट ऑफिसर. कंपनीगणिक नावं बदलतात. ती पाठ करून काही मिळत नाही. पायरी चढताना तुमच्या अंगावर काय येतं, ते बघा.

तीन पानांची चिठ्ठी

बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला मार्केटिंगच्या पुस्तकात एक परिच्छेद होता. पाच मार्कांचा प्रश्न यायचा म्हणून मी तो घोकला होता. समजला मात्र दहा-बारा वर्षांनी.

अमेरिकेत सिनसिनाटी शहरात प्रॉक्टर अँड गॅम्बल ही साबणाची मोठी कंपनी. तिथं नील मॅकएलरॉय नावाचा तरुण 1925 मध्ये जाहिरात विभागात साधा कारकून म्हणून लागला. पुढे त्याच्याकडे 'कॅमे' या साबणाच्या जाहिरातीचं काम आलं. कंपनीचा जुना, दमदार साबण होता 'आयव्हरी', 1879 पासूनचा. कॅमे त्याच घरातला धाकटा. सगळ्यांचं लक्ष आयव्हरीकडे, पैसा आयव्हरीला. कॅमेला बाहेरच्या साबणांशी लढायचं होतंच, शिवाय घरातल्या थोरल्याच्या सावलीतही राहावं लागत होतं.

आपल्यासारख्यानं काय केलं असतं? चहाच्या टपरीवर साहेबाला शिव्या घातल्या असत्या. मॅकएलरॉयनं 13 मे 1931 ला एक टिपण लिहिलं. मंदीचे दिवस होते. कंपनीत टिपण एका पानात बसवायची शिस्त होती, याचं तीन पानांचं झालं. वय होतं 26.

त्याचं मागणं असं: प्रत्येक ब्रँडला एक स्वतंत्र माणूस द्या आणि त्याच्या मदतीला सहायक द्या. हा माणूस काय करेल, तेही त्यानं लिहून दिलं. कुठल्या भागात माल किती जातोय ते तो बघेल. जिथं चांगला जातोय, तिथं काय जमलं ते शोधून तेच दुसरीकडे लावून बघेल. जिथं अडलाय, तिथं स्वतः जाऊन दुकानदाराशी आणि गिऱ्हाईकाशी बोलेल, अडचण समजून घेईल, उपाय लिहून वरिष्ठांसमोर ठेवेल आणि नंतर काय झालं त्याचाही हिशोब देईल.

त्यात एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याचं म्हणणं होतं की या माणसानं तयार जाहिरातीतल्या चुका काढत बसू नये, सगळ्या योजनेचीच जबाबदारी अंगावर घ्यावी. ज्युनिअर आणि त्याच्या वरची पायरी यांच्यातलं अंतर एवढंच आहे. मीटिंगमध्ये "हे बटण चुकलंय" सगळेच सांगतात. "ही स्क्रीन माझी, सोमवारपर्यंत काय करायचं ते मी लिहून आणतो" असं म्हणणारा एखादाच निघतो.

कंपनीनं त्याचं ऐकलं. आज जगभर जे ब्रँड मॅनेजर आणि प्रॉडक्ट मॅनेजर दिसतात, त्यांचं मूळ या तीन पानांत सांगितलं जातं. मॅकएलरॉय 1948 मध्ये त्याच कंपनीचा प्रेसिडेंट झाला आणि 1957 मध्ये अमेरिकेचा संरक्षणमंत्री!

माझा कॅमे

आता सिनसिनाटीहून साताऱ्याला या. चॅनेलवर माझं दुकान तुम्ही बघितलंय. मसाले, मेतकूट, चटण्या, सणासुदीला फराळ. कांदा-लसूण मसाला आम्ही स्वतः भाजून डंकावर कुटून आणतो. तो 200 ग्रॅम आणि अर्धा किलोच्या पाकिटात विकायचो.

बिलिंगला एक मुलगी आहे, बारावी झालेली. मला दादा म्हणते. एक दिवस म्हणाली, "दादा, लहान पाकीट मागतायत लोक." मी म्हटलं, "लहान पाकिटात पॅकिंगचा खर्च वाढतो, परवडत नाही." आणि विषय संपवला. बीबीए ना मी!

तिनं नाद सोडला नाही. बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहायला लागली: आज कुणी लहान पाकीट मागितलं आणि कशासाठी. हे 'कशासाठी' तिला कुणी शिकवलं नव्हतं. महिन्याभरानं ती पानं माझ्यापुढे ठेवली. बहुतेक मागणाऱ्या आया होत्या. पोरं पुण्याला हॉस्टेलवर. 200 ग्रॅमचं पाकीट फोडलं की रबरबँड लावून ठेवतात, मसाल्याचं तेल झिरपतं आणि बॅगेतले कपडे खराब होतात. म्हणजे लोक स्वस्त मागत नव्हते. फोडलं की चार-सहा दिवसांत संपेल असं पाकीट मागत होते. 'लहान द्या' हे गिऱ्हाईकाचं बोलणं झालं, 'कपड्याला तेल लागतं' ही त्याची अडचण झाली. मोठ्या कंपन्यांत या दोन्हींतला फरक शोधायला पगारी माणसं ठेवतात.

मी म्हटलं, छापील पाऊच करायचे तर हजारोंची ऑर्डर द्यावी लागेल. ती म्हणाली, "आधी साधे पाऊच आणू, स्टिकर लावू, 50 ग्रॅमचे तीसच भरू." वजन, तारीख, किंमत, परवाना नंबर, सगळं स्टिकरवर नीट छापून घेतलं. तीस पाकिटं शनिवार-रविवारी गेली, कारण पोरं त्याच दिवशी घरी येतात. पुढच्या आठवड्यात पुन्हा भरली. किंमत ग्रॅममागे जास्त होती, त्यावर एकानंही हुज्जत घातली नाही.

खूश होऊन मी जाहीर केलं, "आजपासून कांदा-लसूण मसाला तुझा." पगारातही थोडी वाढ दिली.

आता माझी चूक सांगतो. दोनेक महिन्यांनी माझ्या ओळखीचे एक काका म्हणाले, तिखट कमी वाटतंय हो यंदा. मी तिला न विचारता थेट डंकवाल्याला फोन करून मिरची वाढवायला सांगितली. पुढचा घाणा आला, पाकिटं भरली, गेली. मग हॉस्टेलच्या पोरांच्या आया परत यायला लागल्या. चव बदलली म्हणे, पोरांना खाववत नाही. तिला काहीच माहीत नव्हतं. गिऱ्हाईकासमोर उभं राहून ती "तोच मसाला आहे काकू, काही बदललं नाही" असं सांगत होती. माझ्यामुळे ती खोटी पडली.

संध्याकाळी शटर ओढताना म्हणाली, "दादा, हा मसाला नक्की कुणाचा? माझा असेल तर बदलायच्या आधी मला विचारा. तुमचा असेल तर मला नुसतं बिलिंगला बसवा, मी आनंदानं बसते."

मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री तो पाच मार्कांचा परिच्छेद आठवला. मॅकएलरॉयच्या टिपणात हेही होतं की ब्रँडची माणसं जशी हवीत तशी मिळाली, तर वरच्या साहेबांच्या खांद्यावरचं बरंच ओझं उतरेल. म्हणजे साहेबानं ते उतरू द्यायचं असतं! मी ओझं दिलं होतं, पण दोरी माझ्याच हातात ठेवली होती.

वरच्या पायऱ्या

म्हणून त्या पुण्याच्या मुलाला सांगतो, शिडीचे मोठे टप्पे माझ्या मते तीनच. पहिल्यात तुम्ही दिलेलं काम नीट करता. दुसऱ्यात एका वस्तूचं बरंवाईट तुमच्या नावावर येतं. तिसऱ्यात दुसऱ्यांच्या निर्णयांचं बरंवाईट तुमच्या नावावर येतं आणि तरी निर्णय त्यांनाच घेऊ द्यावा लागतो. हुशार माणसं अडकतात ती इथं. दुसऱ्या टप्प्यावर ज्या सवयीनं नाव झालं, सगळं स्वतः बघायचं, प्रत्येक ओळ स्वतः तपासायची, तीच सवय तिसऱ्यावर टीम मारते. सीनिअर माणूस डायरेक्टर होतो आणि पोरांच्या स्क्रीनमधले रंग बदलत बसतो. मी मिरची बदलली, तसंच.

दुसऱ्या टप्प्यावर लहान वस्तू मिळाली म्हणून रुसू नका. सुंदर पिचाई 2004 मध्ये गुगलमध्ये प्रॉडक्ट मॅनेजमेंटला लागले, तेव्हा त्यांच्याकडे 'टूलबार' होता. ब्राउझरच्या डोक्यावर चिकटणारी एक पट्टी. सांगायला काही भारी नाही. पण लोक गुगलपर्यंत येणार ब्राउझरमधून, आणि तेव्हाचा सगळ्यात मोठा ब्राउझर मायक्रोसॉफ्टचा. म्हणजे गिऱ्हाईक आपलं, रस्ता दुसऱ्याच्या मालकीचा. ती पट्टी त्या रस्त्यावरची आपली टपरी होती. तिथूनच पुढचा प्रश्न येतो, रस्ताच आपला का नको? गुगलचे तेव्हाचे प्रमुख एरिक श्मिट यांचा स्वतःचा ब्राउझर काढायला बरीच वर्षं विरोध होता. तरी सप्टेंबर 2008 मध्ये क्रोम आला, आणि त्या कामात पिचाई पुढे होते. 2013 मध्ये अँड्रॉइड त्यांच्याकडे आलं, 2015 मध्ये ते गुगलचे सीईओ झाले. टूलबार आज कुणाला आठवतही नाही.

नोकरीत आहात तोवर एक कामाची सवय लावून घ्या, लिहायची. अॅमेझॉनमध्ये नवीन वस्तू बनवायच्या आधी तिची बातमी लिहून बघतात, जणू ती आजच बाजारात आली. वाचून गिऱ्हाईकाला "मग काय?" असं वाटलं, तर ती वस्तू बनवतच नाहीत, नाहीतर बातमी पुन्हा लिहितात. कागद फाडायला पैसे पडत नाहीत. गाळ्याचं डिपॉझिट भरल्यावर आयडिया फाडायला फार पडतात, हे मी अनुभवानं सांगतो. (तो किस्सा वेगळ्या व्हिडिओत.)

आणि नोकरी कधी सोडायची? माझा हिशोब साधा आहे. एक तरी वस्तू सुरुवातीपासून तुमच्या नावावर असू दे. ती चालली की पडली, याची कारणं तुम्हाला आकड्यांसकट सांगता येऊ देत. पडली असेल तर अजून चांगलं, पडण्याचा खर्च कंपनीनं केलाय. मग एखाद्या ज्युनिअरला काम देऊन, तो तुमच्यापेक्षा वेगळ्या पद्धतीनं करतोय हे बघत गप्प बसता येतं का, ते तपासा. हे जमलं की या नावाला दुकानाची पाटी लागायला हरकत नाही. घरात कमावणारे तुम्ही एकटेच असाल, तर आणखी वर्षभर थांबा, लाजू नका.

आमच्याकडे सध्या असं आहे: मिरचीचं प्रमाण एका वहीत लिहिलेलं असतं आणि खाली सही तिची असते. मला बदल हवा असेल तर मी कागदावर लिहून देतो, कारणासकट. मागच्या महिन्यात दोन दिले. एक तिनं घेतला. दुसऱ्यावर "गिऱ्हाईक मागत नाही" एवढंच लिहून परत केला. दिवाळीपासून तिच्या हाताखाली एक मुलगा आलाय, मेतकूट त्याच्याकडे दिलंय. परवा तो पाकिटं चुकीची लावत होता. ती बघत होती, ओठ आवळून, पण काही बोलली नाही. मीही काउंटरवरून उठलो नाही.

तुमच्या दुकानात किंवा टीममध्ये अशी कुणाचीच नसलेली वस्तू कोणती आहे, ते खाली लिहा. सगळ्या कमेंट मी स्वतः वाचतो. पुढच्या मंगळवारी लहान पाकिटाची किंमत कशी काढायची, त्याचा हिशोब व्हिडिओत मांडतोय. कागद-पेन घेऊन बसा.