पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत
२०२४ मधले माझ्या आवडीचे पाच अल्बम, चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैहून

चेन्नईहून बेंगळुरूच्या महामार्गाला लागलं की पूनमल्लीनंतर चेंबरंबाक्कमचा तलाव येतो आणि श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै लागतं. औद्योगिक वसाहत, शेजारी १९९० मध्ये सुरू झालेला मोटार शर्यतींचा ट्रॅक आणि ह्युंदाईचा भलामोठा कारखाना ही या गावाची ओळख. १९९८ मध्ये बाजारात आलेली सँट्रो इथेच तयार झाली. आता त्याच कंपनीने जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना घेतल्यामुळे पुणे जिल्ह्याचं नातंही या गावाशी जुळलं आहे.

इथलं आयुष्य पाळ्यांवर चालतं आणि पाळ्या बसवर. शहरातून इथे यायला तासभर सहज लागतो. पहाटेच्या पाळीच्या बसमध्ये ड्रायव्हर हमखास इलयाराजा लावतो, ऐंशीच्या दशकातला. मागच्या सीटांवर निम्मी मंडळी झोपलेली असतात आणि उरलेल्यांच्या कानात इअरफोन असतात. आजचा चित्रपट-अल्बम साधारण अर्ध्या तासाचा. म्हणजे बसच्या एका फेरीत तो पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट ऐकून होतो. सुटं गाणं कुठेही कानावर पडतं, पण पूर्ण अल्बम ऐकायला अशी सलग, हक्काची वेळ लागते. ती या रस्त्याने दिली. म्हणूनच ही यादी अल्बमांची आहे, गाण्यांची नाही.

अल्बम कशाला म्हणायचं?

हिंदी चित्रपटांत गेल्या पंधरा वर्षांत एक प्रथा रूढ झाली. एका चित्रपटाला तीन-चार संगीतकार, प्रत्येकाची दोन-दोन गाणी. २०१३चा ‘आशिकी २’ तिघांनी मिळून केला आणि तो प्रचंड चालला, मग तोच शिरस्ता झाला. अशा संग्रहात गाणी चांगली असू शकतात, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध राहत नाही. तामिळ चित्रपटांत मात्र आजही बहुतेक वेळा गाणी आणि पार्श्वसंगीत एकाच संगीतकाराकडे असतं. इलयाराजांनी १९७६ मध्ये ‘अन्नक्किळी’पासून आणि ए. आर. रहमान यांनी १९९२ मध्ये ‘रोजा’पासून ही पद्धत पक्की केली. गाण्यातली सुरावट पुढे एखाद्या प्रसंगामागे हळूच परत येते आणि अख्खा अल्बम एका हातचा वाटतो.

आपल्याला हे नवीन नाही. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर चाललेलं ‘गीतरामायण’ गदिमा आणि बाबूजींनी ५६ गीतांत एका सूत्रात बांधलं. त्यातलं कुठलंही गीत सुटं ऐकता येतं, पण क्रमाने ऐकलं की त्याचा अर्थ वाढतो.

तेव्हा माझ्या कसोट्या तीन. अल्बम क्रमाने ऐकावासा वाटतो का? चित्रपट न पाहता तो स्वतःच्या पायावर उभा राहतो का? आणि शब्द कळण्याआधी जे पोचलं, ते शब्द कळल्यावर वाढतं का? तामिळ शिकत असलेल्या माझ्यासारख्या मराठी माणसासाठी ही तिसरी कसोटी फार मोलाची आहे.

५. तंगलान (जी. व्ही. प्रकाश कुमार)

पा. रंजित यांचा हा चित्रपट १५ ऑगस्ट २०२४ला आला. विषय कोलारच्या सोन्याच्या खाणींचा आणि त्या सोन्यासाठी राबवल्या गेलेल्या माणसांचा. जी. व्ही. प्रकाश यांनी इथे गोडव्याचा मोह जवळजवळ पूर्ण टाळला आहे. तालवाद्यं पुढे आणि समूहाचा आवाज मोठा. उमादेवींनी लिहिलेलं आणि सिंदूरी विशालने गायलेलं ‘मिनिक्की मिनिक्की’ म्हणजे कष्टकऱ्यांच्या अंगावर पहिल्यांदा नवं वस्त्र चढल्याचा आनंद आहे. ठेक्यात नाच आहे आणि आवाजात हट्ट.

अवघ्या अडीच महिन्यांनी याच संगीतकाराचा ‘अमरन’ आला. मेजर मुकुंद वरदराजन यांच्या आयुष्यावरचा तो चित्रपट, आणि त्यातली प्रेमगीतं सगळीकडे वाजली. लोकप्रियतेत ‘अमरन’ कितीतरी पुढे. मी तरीही ‘तंगलान’ निवडतो. ‘अमरन’ची गाणी आवडतात, पण ती दुसऱ्या एखाद्या प्रेमकथेतही बसली असती. ‘तंगलान’ची गाणी त्या मातीतून उपटून दुसरीकडे लावता येणार नाहीत. पाचवा क्रमांक अशासाठी, की मधल्या काही भागात आवाजाचा मारा जास्त होतो आणि कान थकतात.

४. रायन (ए. आर. रहमान)

धनुषचा अभिनेता म्हणून पन्नासावा चित्रपट, दिग्दर्शनही त्याचंच. ‘अडंगाद असुरन’ खुद्द रहमान आणि धनुष यांनी गायलं. रहमान यांचा आवाज वरच्या पट्टीत आर्त होतो, धनुषचा खाली घोगरा राहतो, आणि राग व दुःख एकाच गाण्यात शेजारी बसतात. ‘वॉटर पॅकेट’ला गानाचा बाज आहे. गाना म्हणजे उत्तर चेन्नईच्या कष्टकरी वस्त्यांत वाढलेलं गाणं, लग्नापासून अंत्ययात्रेपर्यंत सगळीकडे गायलं जाणारं. ते गाना कादर यांनी लिहिलं आणि श्वेता मोहनबरोबर गायलं संतोष नारायणन यांनी, जे स्वतः आघाडीचे संगीतकार आहेत. एका संगीतकाराने दुसऱ्याच्या रचनेत निव्वळ गायक म्हणून उभं राहायचं, हे चेन्नईत सर्रास चालतं, आणि त्यातला मोकळेपणा ऐकू येतो.

त्याच वर्षी रहमान यांनी ‘अमरसिंग चमकीला’साठी पंजाबी मातीतलं उत्तम काम केलं. दोन्ही पुन्हा पुन्हा ऐकले आणि ‘रायन’ थोडा वर ठेवला तो ‘ओ राया’मुळे. ते गाणाऱ्या गणव्याकडे पहिल्या क्रमांकावर परत यायचं आहे.

३. वल्लियम्मा पेरांडी (अरिवू)

हा चित्रपटाचा अल्बम नाही. अरिवू अरक्कोणमचा, म्हणजे इथून फार लांबचा नव्हे. २०१९च्या ‘तेरुकुरल’ने आणि २०२१च्या ‘एन्जॉय एन्जामी’ने त्याचं नाव सर्वदूर गेलं. त्या गाण्यातली वल्लियम्मा त्याची आजी, श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांत राबलेली. हा अल्बम आजीच्या नावाने नातवाने सांगितलेला इतिहास आहे.

त्यामागची घटना समजून घ्यायला हवी. इंग्रजांनी तामिळ मजूर सिलोनच्या मळ्यांत नेले. दोन्ही देश स्वतंत्र झाल्यावर या लाखो माणसांना कोणाचंच नागरिकत्व नव्हतं. ऑक्टोबर १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री आणि सिरीमाओ बंदरनायके यांच्यात करार झाला. सव्वापाच लाख लोक भारताने घ्यायचे, तीन लाख श्रीलंकेने, आणि उरलेल्यांचं नंतर पाहू, असं ठरलं. ज्यांनी जन्मात भारत पाहिला नव्हता, त्यांना ‘परत’ पाठवलं गेलं.

अरिवू हे हिपहॉपमधून सांगतो, पण त्याच्या शब्दांमागे पराई या तालवाद्याचा ठोका आहे आणि ओप्पारीचा, म्हणजे मयताच्या वेळी बायका गातात त्या विलापाचा सूर आहे. वामनदादा कर्डकांची गाणी आणि आंबेडकरी जलसे ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना इथे ओळख पटायला शब्दकोश लागणार नाही. अन्यायाची यादी न वाचता तो घरातल्या एका म्हातारीचं आयुष्य समोर ठेवतो. ‘रायन’मध्येही त्याचा आवाज आहे, पण मनात राहतो तो इथला.

दोन शब्द गेलेल्या गायकांविषयी

२०२४ मध्ये चेन्नईच्या संगीतात एक मोठी गोष्ट घडली. हयात नसलेल्या गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने परत आणले गेले. ‘लाल सलाम’मध्ये रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहूल हमीद यांचे आवाज वापरले. कुटुंबीयांची परवानगी घेतल्याचं आणि मोबदला दिल्याचं त्यांनी जाहीर सांगितलं. ‘वेट्टैयन’मध्ये संगीतकार अनिरुद्धने २०११ मध्ये निवर्तलेल्या मलेशिया वासुदेवन यांचा आवाज आणला, सोबत त्यांचा मुलगा युगेंद्रन गायला. जानेवारी २०२४ मध्ये गेलेल्या भवतारिणीचा आवाज तिचाच भाऊ युवन शंकर राजाने ‘द ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम’मध्ये अभिनेता विजयच्या सोबतीला ठेवला.

बहिणीच्या आवाजासाठी झुरणारा भाऊ मला समजतो. परवानगी आणि मोबदला हा किमान शिष्टाचारही योग्यच. पण गायक गाताना निर्णय घेत असतो. कुठे श्वास तोडायचा, कुठला स्वर थोडा उतरवायचा, हे त्या क्षणी त्याचं त्याने ठरवलेलं असतं. यंत्राने आणलेल्या आवाजात तो निर्णय दुसऱ्याचा असतो. म्हणून यातला एकही अल्बम मी यादीत घेतला नाही.

२. मेयळगन (गोविंद वसंता)

२७ सप्टेंबर २०२४ला आलेला सी. प्रेमकुमार यांचा चित्रपट. जागेच्या भांडणात तंजावरचं घर सुटलेला एक माणूस बावीस वर्षांनी बहिणीच्या लग्नासाठी परत येतो, आणि जीव ओवाळून टाकणारा एक नातेवाईक त्याला भेटतो. अडचण एवढीच, की याला त्याचं नावच आठवत नाही. एवढ्या लहान गोष्टीवर चित्रपट उभा आहे आणि तेवढ्याच हलक्या हातांनी केलेलं संगीत.

गोविंद वसंता मुळात व्हायोलिनवादक. ‘९६’ या चित्रपटात त्यांच्या व्हायोलिनने अर्धी कथा सांगितली होती. इथेही वाद्यं मोजकी आहेत आणि मधल्या मोकळ्या जागा जपलेल्या आहेत. ‘यारो इवन यारो’ कमल हासन यांनी गायलं आहे. सत्तरीच्या उंबरठ्यावरचा आवाज, किंचित थरथरणारा, जिथे गुळगुळीत तरुण गायक सहज मिळाला असता. परक्या माणसाच्या प्रेमाने अवघडून गेलेल्याची घालमेल त्या थरथरीतच आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शब्द अर्धेच कळले होते. नंतर पूर्ण कळले, आणि गाणं अधिक जवळ आलं.

तंजावर म्हटलं की मराठी कान टवकारणारच. १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांची गादी होती. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये सरफोजीराजांनी कोरून घेतलेला मराठी शिलालेख आजही वाचता येतो. याच सरफोजींच्या दरबारात तंजावर चतुष्टय म्हणून गाजलेले चार भाऊ होते. त्यांतला वडिवेलू हा कर्नाटक संगीतात व्हायोलिन रुजवणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी एक. परदेशी वाद्य या मातीत स्थिरावलं, त्यात तंजावरचा वाटा मोठा आहे. दोनशे वर्षांनी तंजावरची गोष्ट सांगायला एक व्हायोलिनवादक निवडला जातो, हे अगदी शोभून दिसतं.

१. डॉटर ऑफ अ टेंपल (गणव्या)

‘ओ राया’ गाणारी गणव्या दोराईस्वामी न्यूयॉर्कमध्ये जन्मली आणि तामिळनाडूत वाढली. तिची आजी सीता दोराईस्वामी या जलतरंगाच्या नामांकित वादक. लहानपणी यात्रेच्या वाटेवर हरिकथा शिकलेल्या या मुलीने नोव्हेंबर २०२४ मध्ये बर्लिनच्या ‘लायटर’ कंपनीकडून हा अल्बम काढला.

तो कसा घडला हे ऐकण्यासारखं आहे. ह्यूस्टनमध्ये तिने तीसहून अधिक कलावंत एकत्र बोलावले. त्यांत एस्पेरांझा स्पाल्डिंग, विजय अय्यर, शबाका हचिंग्ज अशी जॅझमधली मोठी नावं होती. कोणी मुख्य आणि कोणी साथीला, अशी मांडणीच नाही. सगळे मिळून एक सामूहिक उपासना करतात आणि तिचं ध्वनिमुद्रण आपल्यापर्यंत येतं. जॉन कोल्ट्रेनचं १९६५ मधलं ‘अ लव्ह सुप्रीम’ इथे नामघोषासारखं पुन्हा पुन्हा येतं. २०२३ मध्ये गेलेल्या वेन शॉर्टरचा आवाजही यात आहे, पण तो त्याने हयातीत स्वतः दिलेला.

गणव्याचा आवाज खालच्या सप्तकात सावकाश फिरतो. एक ओळ ती घेते, थांबते, पुन्हा तीच घेते, आणि प्रत्येक वेळी थोडी माणसं तिच्याबरोबर गाऊ लागतात. हा प्रकार कीर्तन ऐकलेल्या माणसाला नवा नाही. तामिळ हरिकथेची घडणच मुळी आपल्या कीर्तनाशी जोडलेली आहे. १९व्या शतकात रामचंद्रबुवा मोरगावकर तंजावरला आले. त्यांची कीर्तनं ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तामिळ कथाकालक्षेपाला, म्हणजे हरिकथेला, नवं रूप दिलं. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्तं तिकडच्या कथेकऱ्यांनी आपलीशी केली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सी. सरस्वतीबाईंनी पुरुषांची मक्तेदारी मोडून हा मंच बायकांसाठी खुला केला. त्या परंपरेतून आलेला आवाज जॅझच्या सोबतीने गातो आणि जराही परका वाटत नाही.

माझ्या तिन्ही कसोट्यांवर हा एकच अल्बम पूर्ण उतरतो. यातलं एक गाणं बाजूला काढून कोणाला पाठवायला गेलं, तर ते अपुरं वाटतं. अल्बम या कलाप्रकाराची याहून मोठी पावती नाही.

आता तुमची पाळी

यादीच्या उंबरठ्यावर इलयाराजांचा ‘विडुदलै’चा दुसरा भाग राहिला. ऐंशी ओलांडलेला हा माणूस त्यातलं ‘दिनम दिनमुम’ स्वतः गातो, आणि क्रमांक नसला तरी ते ऐकाच.

हल्ली चित्रपट येण्याआधी दोन-तीन महिने एकेक गाणं सोडलं जातं. अल्बम पूर्ण होईस्तोवर त्याचे तुकडे शिळे झालेले असतात. यावर उपाय ऐकणाऱ्याच्याच हातात आहे. येत्या आठवड्यात यातला कुठलाही एक अल्बम निवडा, गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारं ते बटण बंद करा आणि पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐका. तुमचे क्रमांक माझ्यापेक्षा वेगळे लागले तर उत्तमच. आणि आपल्या मराठी संगीतकारांना एवढंच सांगणं: सुटी गाणी भरपूर झाली, आता आम्हाला पूर्ण अल्बम द्या. ऐकायला आम्ही तयार आहोत.