आधी विचारतो, मग वीज देतो

खैरानी रोडवरच्या गाळ्यात वायफाय लावायला गेलो की शेठ आधी छताकडे बोट दाखवतात. "तिकडे लाव, सगळीकडे रेंज येईल." म्हणणं बरोबरच असतं. पण पत्र्याखालच्या त्या अँगलजवळ प्लग कुठला? मग पोटमाळ्यावरून एक्स्टेन्शन बोर्ड निघतो. जून महिना, गळका पत्रा आणि खाली लोंबकळणारे २३० व्होल्ट! साकीनाक्यात इतकी वर्षं केबल ओढतोय, पण असला बोर्ड दिसला की मी शिडी चढत नाही.

वर प्लगची गरजच नसते. नेटच्या केबलमध्ये आठ तारा, म्हणजे पीळ दिलेल्या चार जोड्या असतात. डेटा असतो जोडीतल्या दोन तारांमधल्या फरकात. वीज त्या दोन्ही तारांवर सारखीच चढते, त्यामुळे फरक बिघडत नाही. खालच्या नेटवर्क स्विचमधून साधारण ४८ व्होल्ट डीसी वर पाठवायचे. यालाच पीओई म्हणतात.

२००३ साली ८०२.३एएफ हे त्याचं स्टँडर्ड आलं. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे स्विच आधी विचारतो. दहाएक व्होल्टच्या आतला दाब लावून चाचपतो, आणि पलीकडे २५ हजार ओहमची खूण सापडली तरच पूर्ण वीज सोडतो. चुकून लॅपटॉप लावलात तर खूण सापडत नाही आणि वीजही येत नाही.

स्वस्तातले २४ व्होल्टचे ‘पॅसिव्ह’ अडॅप्टर मात्र काही विचारत नाहीत. चार-पाच नंबरच्या तारांवर प्लस, सात-आठवर मायनस, कायम चालू. नवखा असताना अशा केबलला मी चिठ्ठी लावली नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तीच बिलिंगच्या कॉम्प्युटरला खोचली. लॅन पोर्टच्या मागे ७५ ओहमचे बारके रेझिस्टर असतात, ते भाजले. तो वास अजून नाकात आहे. भरपाई अर्थात माझ्या खिशातून.

वॅटचा हिशेबही बघावा लागतो. एएफमध्ये स्विच १५.४ वॅट देतो, शंभर मीटरवर १२.९५ची खात्री. उरलेले तारेतच गरम होऊन जातात. २००९च्या ‘एटी’मध्ये तेच आकडे ३० आणि २५.५. नवा राउटर जुन्या स्विचवर लावला, तर सकाळी मस्त चालतो आणि दुपारी गाळा भरला की रीस्टार्ट मारत बसतो. लोक कंपनीला शिव्या देतात. डबा फक्त उपाशी असतो.

दोन इमारतींमध्ये केबल टाकायची असेल तर मी सरळ फायबर सुचवतो. त्यातून विजेचा झटका येत नाही. पण फायबरमधून डब्याला वीजही जात नाही, म्हणून पलीकडची वीज तिथल्याच मीटरवरून घ्यायची.

परवा तांब्याच्या केबलचा भाव ऐकून एका शेठनी विचारलं, "केबल केबलच ना, दुप्पट भाव कशाला?" मी ब्लेड काढून त्यांच्याच जुन्या केबलची तार खरवडली. वरचा तांबूस मुलामा निघाला आणि आत पांढरं ॲल्युमिनियम. त्याला रोध जास्त, म्हणून तापतंही जास्त. शेठनी ती तार बोटांत धरून वाकवली, सरळ केली, पुन्हा वाकवली. थोड्या वेळाने दोन तुकडे हातात घेऊन म्हणाले, "नवीन किती मीटर लागेल?"